कल्पित जगाची बेगमी

गोष्ट लिहिणाराचें एक मोठें सुख असें कीं, त्याला हवें तसें जग निर्माण करतां येतें. त्यांत तो नद्या वाहवील, राज्यें वसवील, आणि मनास येईल तेव्हां त्यांचा नाशहि करील. परंतु नाश केल्यावर त्यांतून कांहीं वांचवावयाचें असेल, तर मात्र त्याचें स्वातंत्र्य संपतें. तेथें त्याला हिशेब द्यावा लागतो. अणुयुद्धांत होरपळलेलें कल्पित जग तगेल कसें, हा प्रश्न प्रस्तुत लेखांत आम्हीं घेतला आहे. १९४५ नंतर इंग्रजींत या विषयावर पुष्कळ कादंबऱ्या झाल्या. त्यांतील चार आपण तपासून पाहूं. प्रश्न कादंबरीचा असला तरी उत्तर देतांना पदार्थविज्ञान, शेती, इतिहास व नीति या सर्वांची साक्ष काढावी लागते. म्हणून तो शाळेच्या वार्षिकांत अस्थानीं होणार नाहीं असें आम्हांस वाटतें. पालकांनींहि तो मुलांबरोबर वाचावा, अशी विनंती आहे.

१. बाँब काय करतो?

खोट्या जगाचा नाश वर्णावयाचा, तर खरा नाश कसा होतो हें आधीं पाहिलें पाहिजे. ६ ऑगस्ट १९४५ रोजीं सकाळीं सव्वाआठ वाजतां जपानांतील हिरोशिमा शहरावर अणुबाँब पडला. त्याची शक्ति टीएनटी या स्फोटक द्रव्याच्या सुमारें १५,००० टनांइतकी होती. त्या वर्षाच्या अखेरपर्यंत सुमारें १,४०,००० माणसें मृत्यु पावलीं. तीन दिवसांनीं नागासाकी शहराचीहि तीच गत झाली.

बाँबचा मारा चार प्रकारांनीं होतो. प्रथम डोळे दिपविणारा प्रकाश व त्याबरोबरची प्रखर उष्णता. मग इमारती पाडणारा हवेचा तडाखा. त्यामागून ठिकठिकाणच्या आगी एकत्र होऊन उठणारा वणवा. आणि चौथा, डोळ्यांना न दिसणारा किरणोत्सर्ग. बाँब जमिनीलगत फुटला तर माती व राख वर उधळली जाते आणि तीच किरणोत्सर्गी धूळ होऊन दूरदूर पडते.

या धुळीविषयीं गोष्टींतून दोन टोकांच्या चुका आढळतात. कोणी तिला लागलीच विसरून जातो, तर कोणी तिला शतकानुशतकें सारखीच मारक ठेवतो. तिच्या ऱ्हासाचा स्थूल नियम सोपा असून गणिताच्या वर्गांत करून पाहण्याजोगा आहे: काळ सातपट झाला कीं मारकता दशमांशावर येते. स्फोटानंतर एका तासानें ती १,००० मानली, तर ७ तासांनीं १००, ४९ तासांनीं, म्हणजे सुमारें दोन दिवसांनीं, १०, आणि दोन आठवड्यांनीं अवघी १ उरते. म्हणून ज्या पात्रांना मातीनें जाड झांकलेलें तळघर आणि चौदा दिवसांचें अन्नपाणी मिळालें, तीं पुष्कळदां वांचूं शकतील. स्ट्राँशियम व सीझियम यांसारखीं कांहीं द्रव्यें त्यानंतरहि जमिनींत दीर्घकाळ राहतात, गवतांतून दुधांत उतरतात, हें मात्र लेखकानें विसरूं नये.

परंतु तळघर माणसाला पंधरा दिवस वांचवितें. जगाला वांचवीत नाहीं. सोळाव्या दिवशीं दार उघडून बाहेर आल्यावर काय? खरी गोष्ट तेथून सुरू होते.

२. ज्याला 'बाहेर' आहे तें जग

हिरोशिमांत पाऊणशें वर्षें गवताचें पातेंहि उगवणार नाहीं, अशी आवई त्या वेळीं उठली होती. ती खोटी ठरली. ९ ऑगस्ट रोजीं, म्हणजे अवघ्या तीन दिवसांनीं, त्या शहरांतील ट्रामगाडी एका लहानशा टप्प्यावर पुनः धांवूं लागली. युद्धामुळें पुरुष रणांगणावर गेलेले असल्यानें ट्राम कंपनीनें मुलींची एक शाळा काढली होती, आणि तुमच्याच वयाच्या त्या मुली गाड्यांवर काम करीत होत्या. त्यांतील कित्येक मेल्या. वांचलेल्यांपैकीं कांहीं पुनः कामावर आल्या. पुढल्या वसंतांत जळलेल्या गिंको वृक्षांना कोंब फुटले.

हें वाचून मन भरून येतें, व येथेंच पुष्कळ लेखक फसतात. एवढ्या आघातांतून माणूस उठला, तर कितीहि मोठ्या आघातांतून तो उठेल, असें त्यांना वाटतें. परंतु हिरोशिमा उठली ती कशाच्या बळावर, हें पाहिलें पाहिजे. सभोंवतालचीं गांवें शाबूत होतीं. तेथून शिजविलेला भात आला. जवळच्या शहरांतून डॉक्टर आले. लोहमार्ग दुरुस्त करावयास लोखंड व माणसें बाहेरून आलीं. थोडक्यांत, जळलेल्या हिरोशिमेला एक न जळलेलें 'बाहेर' होतें. सर्व जगच जळलें, तर त्याच्या बाहेर कोण? हा एक प्रश्न मनांत ठेवा. पुढील सर्व विवेचन त्याभोंवतीं फिरणार आहे.

३. थंडी आणि भूक

जळत्या शहरांची काजळी उन्हानें तापून पावसाच्या ढगांहूनहि उंच चढते. तेथें तिला धुऊन काढणारा पाऊस नाहीं. म्हणून ती वर्षानुवर्षें तरंगत राहते व सूर्यप्रकाश अडविते. १९८३ सालीं टर्को, टून, ॲकरमन, पोलॅक व कार्ल सेगन या पांच शास्त्रज्ञांनीं हें अनुमान मांडलें, आणि त्या अवस्थेस 'अण्विक हिवाळा' असें नांव पडलें. थंडी किती पडेल, किती काळ टिकेल, याविषयीं पुढें बराच वाद झाला. परंतु पिकांच्या नाशाला फार मोठी थंडी लागत नाहीं, हें इतिहासच सांगतो.

१८१५ च्या एप्रिलांत आजच्या इंडोनेशियांतील तांबोरा ज्वालामुखीचा महास्फोट झाला. पुढल्या वर्षीं पश्चिम युरोपांत व अमेरिकेच्या ईशान्य भागांत उन्हाळा असा आलाच नाहीं. न्यू इंग्लंडांत जून महिन्यांत बर्फ पडलें, पिकें बुडालीं, धान्याचे भाव भडकले. आणि सर्व पृथ्वीचें सरासरी उष्णतामान उतरलें होतें तें एका अंशाहूनहि कमी! त्याच कोंदट, पावसाळी दिवसांत जिनीव्हा सरोवराच्या कांठीं घरांत अडकून पडलेल्या मेरी शेलीनें 'फ्रँकेन्स्टाइन' ही कादंबरी लिहावयास घेतली. आकाश काळवंडलें म्हणजे कल्पनेचीं जगेंहि कशीं काळवंडतात, याचें हें जुनें उदाहरण होय.

२०२२ सालीं अमेरिकेंतील रट्गर्स विद्यापीठाच्या लिली शिया, ॲलन रोबॉक व त्यांच्या सहकाऱ्यांनीं पिकें व मासेमारी यांचा हिशेब मांडला. अमेरिका व रशिया यांच्यांत पूर्ण अणुयुद्ध झाल्यास पांच अब्जांहून अधिक माणसें, आणि भारत व पाकिस्तान यांच्यांतील युद्धानेंहि दोन अब्जांहून अधिक माणसें भुकेनें मरतील, असें त्यांचें अनुमान आहे. यांतील बहुतेक लोक जेथें एकहि बाँब पडला नाहीं अशा देशांतील असतील. म्हणजे अणुयुद्ध शहरांना आगीनें मारतें, पण जगाला मारतें तें भुकेनें. ज्या गोष्टींत स्फोटाचें वर्णन वीस पानें आणि भाकरीचें वर्णन एक ओळ, ती गोष्ट कितीहि रोमहर्षक असली तरी खरी वाटत नाहीं.

४. चार कादंबऱ्यांची साक्ष

पहिली नेव्हिल शूट यांची 'ऑन द बीच' (१९५७). उत्तर गोलार्ध युद्धांत मेला आहे. कोबाल्टच्या बाँबांचें विष वाऱ्यांबरोबर हळूहळू दक्षिणेकडे सरकत आहे. ऑस्ट्रेलियांतील मेलबर्न शहर आपली पाळी येण्याची वाट पाहत आहे. अमेरिकेहून बिनतारी संदेश येतो म्हणून एक पाणबुडी मोठ्या आशेनें तिकडे जाते. पाहतात तों वाऱ्यानें हालणारी खिडकीची चौकट यंत्राच्या कळीवर आपटत आहे, एवढेंच. या जगाला कोठेंहि 'बाहेर' ठेवलेलें नाहीं, म्हणून तें वांचत नाहीं. असे कोबाल्टचे बाँब कोणीं वापरलेले नाहींत. आणि २०२२ च्या वरील हिशेबांत तर ऑस्ट्रेलिया व न्यूझीलंड यांचीच स्थिति त्यांतल्या त्यांत बरी दिसते. तरीहि मरणाच्या छायेंत पुढल्या वर्षाची बाग आंखणारें तें तरुण जोडपें वाचकाच्या मनांतून जात नाहीं.

दुसरी पॅट फ्रँक यांची 'अलास, बॅबिलॉन' (१९५९). फ्लोरिडांतील एक लहानसें गांव या युद्धांतून तगतें. कां तगतें, याचा हिशेब लेखकानें पैन् पै दिला आहे. पाण्याला आपोआप उसळणारी विहीर आहे, खाण्यास मासे व संत्रीं आहेत. परंतु वीज गेल्यामुळें औषध थंड ठेवतां येत नाहीं, आणि मधुमेह झालेली एक स्त्री इन्सुलिनवांचून मरते. मग मीठ संपतें! सुबत्तेच्या दिवसांत ज्याची किंमत कोणी करीत नाहीं त्या मिठावांचून गांव कासावीस होतें. आणि तें सांपडतें कोठें, तर एका पूर्वजाच्या जुन्या रोजनिशींत, मिठाच्या जागेची नोंद म्हणून. एरव्हीं ओस पडलेल्या वाचनालयांतहि लोकांची रीघ लागते. कागदावरची एक ओळ पोतेंभर मीठ देऊं शकते, हा या कादंबरीचा धडा.

तिसरी जॉन विंडम यांची 'द क्रिसलिड्स' (१९५५). येथें युद्धाला कित्येक पिढ्या लोटल्या असून कॅनडांतील लॅब्राडोर प्रांतांत शेतकऱ्यांची वस्ती टिकली आहे. धान्य आहे, घरें आहेत, धर्म आहे. पण भीतीनें सर्वांना ग्रासलें आहे. ज्या पिकांत, जनावरांत वा मुलांत यत्किंचित् वेगळेपण दिसेल तें ईश्वराविरुद्ध मानून नष्ट करावयाचें, हा तेथील कायदा. पायाला सहा बोटें असलेल्या एका निष्पाप मुलीला त्यापायीं घरदार सोडून पळावें लागतें. पोट भरलें परंतु दया गेली, तर त्या जगाला वांचलें म्हणावें काय? ज्या प्रभूनें बालकांना जवळ येऊं दिलें त्याचें नांव घेऊन बालकांना हांकलणारे लोक या पुस्तकांत दिसतात, तेव्हां ख्रिस्ती वाचकानें तरी हा प्रश्न टाळूं नये.

चौथी, आणि आमच्या मतें सर्वांत थोर, वॉल्टर मिलर यांची 'अ कँटिकल फॉर लीबोविट्झ' (१९५९). लेखक दुसऱ्या महायुद्धांत बाँबफेकी विमानावर होते, आणि १९४४ सालीं इटलींतील मॉन्टे कॅसिनो येथील प्राचीन मठावर झालेल्या बाँबहल्ल्यांत त्यांनीं भाग घेतला होता. त्यांच्या कादंबरींत अणुयुद्धानंतर चवताळलेले लोक विद्वानांना ठार मारतात व ग्रंथ जाळतात. कारण ज्ञानानेंच हा घात केला असें त्यांना वाटतें. तेव्हां वाळवंटांतील एका मठांतले साधु उरलेसुरले कागद लपवून ठेवतात, पाठ करतात, नकलून काढतात. एक साधा भोळा साधु विजेच्या यंत्राच्या एका नकाशाची सुंदर वेलबुट्टीची प्रत करण्यांत कित्येक वर्षें घालवितो; त्याचा अर्थ त्याला कळत नाहीं. कित्येक शतकांनीं त्याच मठांत पहिला विजेचा दिवा लागतो. परंतु त्यानंतर आणखी शतकें लोटतात, आणि माणूस पुनः बाँब करतो, पुनः टाकतो. शेवटीं कांहीं साधु, मुलें व ग्रंथ घेऊन एक यान दुसऱ्या ताऱ्याकडे निघतें. ज्ञान वांचलें, पण त्याबरोबर शहाणपण वाढलें नाहीं, हें त्या शेवटाचें दुःख.

५. बेगमी

या चार साक्षींवरून आमचें मत असें झालें आहे कीं, युद्धानंतर दाखविलेल्या शौर्यानें जग वांचत नाहीं. युद्धापूर्वीं राखून ठेवलेल्या गोष्टींनीं वांचतें. आपल्याकडे पावसाळ्यापूर्वीं घरोघर बेगमी करीत: धान्य, सरपण, पापड, लोणचीं. पाऊस कोसळूं लागल्यावर बेगमी करतां येत नाहीं. सर्व जग जळलें असतां त्याला 'बाहेर' उरतें तें एवढेंच: आधीं बाजूस ठेवलेलें.

पहिली बेगमी अन्नाची. एक लहानसें उदाहरण सोडवा. माणसाला दिवसास २,१०० कॅलरी अन्न लागतें असें धरूं, आणि एक किलो धान्यांत ३,५०० कॅलरी असतात असें मानूं. म्हणजे माणशीं रोज ६०० ग्रॅम, आणि वर्षाला २१९ किलो. तुमच्या कल्पित गांवांत १,००० माणसें असतील, तर वर्षाला २,१९० क्विंटल धान्य हवें. दोन वर्षें पीक आलें नाहीं, तर ४,३८० क्विंटल. एवढें कोठार तुमच्या गोष्टींत कोणीं बांधलें, कोणीं भरलें, आणि भुकेलेल्या शेजाऱ्यांपासून तें राखलें कीं त्यांच्याशीं वांटून घेतलें, याचें उत्तर द्यावयास हवें.

दुसरी बेगमी बियाण्याची. आणि ती पहिलीहून कठीण, कारण भुकेल्या माणसाला बीं व धान्य यांतील भेद दिसत नाहीं. येथें कल्पनेहून थोर अशी एक सत्यकथा आहे. लेनिनग्राड, म्हणजे आजचें सेंट पीटर्सबर्ग, या शहरांत निकोलाय वाव्हिलोव्ह या रशियन शास्त्रज्ञानें देशोदेशींचें बियाणें गोळा करून ठेवलें होतें. १९४१ च्या सप्टेंबरापासून १९४४ च्या जानेवारीपर्यंत जर्मन सैन्यानें त्या शहराला वेढा घातला. लाखों लोक उपासमारीनें मेले. बियाण्याच्या त्या संस्थेंत गहूं, तांदूळ, शेंगा, बटाटे असतांहि तेथील कित्येक शास्त्रज्ञ भुकेनें मेले, पण त्यांनीं बीं खाल्लें नाहीं. भाताचे तज्ज्ञ दिमित्री इव्हानोव्ह हे त्यांतलेच. आणि स्वतः वाव्हिलोव्ह? त्यांना त्यांच्याच देशाच्या सरकारनें तुरुंगांत घातलें होतें. तेथें १९४३ सालीं त्यांचा अंत झाला.

हीच परंपरा पुढें चालली. नॉर्वेच्या स्वालबार्ड बेटांवर, नेहमीं गोठलेल्या डोंगराच्या पोटांत, २००८ सालीं जगांतील बियाण्यांचें एक कोठार उघडण्यांत आलें. सीरियांतील यादवी युद्धामुळें अलेप्पोजवळच्या बीजपेढीचें काम बंद पडलें, तेव्हां २०१५ सालीं तिनें ठेव म्हणून ठेवलेलें बीं याच कोठारांतून परत नेलें, दुसऱ्या देशांत पेरलें, आणि पुढें नवें बीं पुनः तेथें आणून ठेवलें. बेगमी कशी उपयोगीं पडते याचें याहून स्पष्ट उदाहरण कोणतें?

तिसरी बेगमी विद्येची: केवळ ग्रंथ नव्हेत, तर हातांतलें कसब. चाक बसविणारा सुतार, प्रसूति करणारी सुईण, विहिरीचें पाणी शुद्ध करून घेणारी गृहिणी यांच्यावांचून गांव तगणार नाहीं. चौथी बेगमी विश्वासाची, आणि ही कोठारांत ठेवतां येत नाहीं. कोठाराची किल्ली कोणाच्या हातीं द्यावी, हें ज्या गांवांत आधींपासून ठरलेलें असतें तें गांव तगतें. जेथें तें भुकेच्या पहिल्या दिवशीं ठरवावें लागतें, तेथें किल्लीपूर्वीं रक्त सांडतें.

६. लिहूं इच्छिणारांस पांच प्रश्न

तुमच्यापैकीं कोणास अशी गोष्ट लिहावयाची असेल, तर लेखणी उचलण्यापूर्वीं पुढील पांच प्रश्नांचीं उत्तरें कागदावर लिहून काढावीं.

(१) बाँब किती व कोठें पडले, आणि कोठें पडले नाहींत?
(२) सूर्यप्रकाश किती वर्षें मंदावला, आणि तेवढ्या काळांत लोकांनीं काय खाल्लें?
(३) बीं कोणीं राखलें, आणि तें न खाण्याचें बळ त्याला कोठून आलें?
(४) कोणती विद्या उरली व कोणती गेली? मीठ, सुई, कांच, औषध यांपैकीं काय करतां येतें?
(५) परका माणूस वेशीवर आला असतां गांव त्याच्याशीं कसें वागतें?

पहिल्या चार प्रश्नांवरून तुमचें जग कसें तगलें हें कळेल. पांचव्यावरून तें तगण्यास योग्य होतें कीं नाहीं हें कळेल.

७. कल्पित मरणाचा उपयोग

येथें कोणी विचारील कीं, असल्या भयंकर गोष्टी मुलांनीं वाचाव्याच कशाला? त्याचें उत्तर एका सत्य घटनेंत आहे. २० नोव्हेंबर १९८३ रोजीं अमेरिकेंत 'द डे आफ्टर' नांवाचा चित्रपट दूरदर्शनावर दाखविण्यांत आला. कॅन्सस प्रांतांतील लॉरेन्स या साध्या गांवाच्या आसपास अणुयुद्ध आलें तर काय होईल, एवढेंच त्यांत होतें. सुमारें दहा कोटि लोकांनीं तो पाहिला. राष्ट्राध्यक्ष रोनाल्ड रीगन यांनीं तो आधींच पाहिला होता, आणि आपलें मन फार खिन्न झाल्याची नोंद त्यांनीं आपल्या रोजनिशींत केली. १९८५ च्या नोव्हेंबरांत जिनीव्हा येथें रीगन व सोव्हिएट नेते गोर्बाचेव्ह यांनीं संयुक्तपणें जाहीर केलें कीं, अणुयुद्ध जिंकतां येत नाहीं व तें कधींहि लढतां कामा नये. १९८७ सालीं मध्यम पल्ल्याचीं अस्त्रें नष्ट करण्याचा करार झाला. एका चित्रपटानें हें सर्व घडविलें असें म्हणणें धाडसाचें होईल. कारणें अनेक होतीं. परंतु कल्पित गांवाच्या मरणानें खऱ्या राज्यकर्त्याचें मन हाललें, एवढें निश्चित.

ही बेगमीहि कायमची नव्हे. तो करार २०१९ सालीं संपुष्टांत आला. १९८६ सालीं जगांत सुमारें सत्तर हजार अणुअस्त्रें होतीं. आज तीं बारा हजारांच्या घरांत आहेत. संख्या घटली, भय घटलें नाहीं. कारण वर सांगितलेल्या भुकेला त्यांतला थोडासा भागहि पुरेसा आहे.

कल्पित जगाला एक सोय असते: लेखकाला पान मागें उलटतां येतें. मेलेलें शहर खोडून पुनः उभें करतां येतें, विझलेला सूर्य पुनः पेटवितां येतो. आपल्या जगाला ही सोय नाहीं. म्हणून कादंबरींतल्या लोकांनीं जें युद्धानंतर शिकलें तें आपण युद्धापूर्वीं शिकावें: बीं राखावें, विद्या राखावी, परक्याविषयीं मनांत दया राखावी. यांतील पहिलें काम शास्त्रज्ञांचें व दुसरें शाळांचें आहे. तिसरें मात्र ज्याचें त्यालाच करावयाचें असतें, आणि त्याला आजच्यासारखा दुसरा दिवस नाहीं.